सगळंच दुःखाच्या खात्यावर टाकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५७, राहणं पुण्यात. पत्नी गेल्या जूनमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. त्याआधीची दोन वर्षं तिचं सगळं तुम्हीच केलंत. गच्चीवर तिच्या १४० कुंड्या, त्यातल्या चाळीसेक वाळून गेल्या. तुमचा स्वतःचा छंद गडकिल्ल्यांचा, पण उजवा गुडघा दुखतो आणि तीन वर्षांत एकही गड झालेला नाही. साखर वाढली आहे, एचबीए१सी ८.९. रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग येते, अंग घामाने भिजलेलं असतं, छातीत धडधडतं, मग तिची आठवण येते आणि उजाडेपर्यंत झोप नाही. मुलगी बंगळुरूहून सांगते की बाबा, कुंड्या कुणाला तरी देऊन टाका, बासरीचा क्लास लावा, मन रमवा. जानेवारीत जुन्या मित्रांबरोबर जेवायला गेलात, खळखळून हसलात आणि घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. शेवटी विचारलंत, "माझं नक्की काय बिघडलंय?"

मी ३१ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. जोडीदार गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी एकटं येऊन समोरच्या खुर्चीत बसणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांच्या अनुभवावरून सांगते, बागेचं आणि बासरीचं नंतर बोलू. तुम्ही सहज लिहून पुढे गेलात ती रात्री तीनची गोष्ट आधी घेऊ.

तुम्ही म्हणता, रात्रीचं जेवण बहुतेक वेळा होत नाही, एकट्यासाठी कुकर कशाला लावायचा म्हणून चहा-बिस्किटांवर भागवता. आणि लगेच पुढच्या वाक्यात अभिमानाने लिहिलंय की मधुमेहाची गोळी मात्र एकदाही चुकवली नाही. तुमच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे आणि ती तुम्ही सकाळ-संध्याकाळ घेता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात जेवण असो वा नसो, ते आपलं काम करत राहतं. चार बिस्किटांची साखर दोन तासांत संपते आणि गोळीचा अंमल मध्यरात्रीनंतरही टिकतो. साखर फार खाली गेली की शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं. त्याने घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस दचकून जागा होतो. अंधारात, अर्ध्या रिकाम्या पलंगावर जागं झाल्यावर पहिली आठवण तिचीच येणार. म्हणून तुम्हाला वाटतं की आठवणीने जाग आली. माझा अंदाज असा की जाग आधी येते आणि आठवण मागून.

अंदाज चुकीचाही असेल, पण तो तपासायला एक मिनिट पुरतं. ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. पुन्हा तशी जाग आली की दिवा लावा आणि बोटातून थेंब काढून पाहा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग पोळी, भात, दूध असं काहीतरी खा. दुसऱ्याच दिवशी आकडा घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. गोळीचं प्रमाण किंवा वेळ बदलावी लागेल. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका. ८.९ असताना साखर खाली कशी जाईल, असं तुमच्या मनात येईल. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं. दुपारी अडीचशे आणि रात्री साठ असेल तरी सरासरी वाढलेलीच दिसते.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचं कारण आहे. घरातलं माणूस गेलं की पुढचं वर्षभर आपण सगळंच दुःखाच्या खात्यावर टाकतो. वजन उतरलं, दुःख. थकवा आला, दुःख. विसरायला होतंय, दुःख. नातेवाईकही तेच म्हणतात आणि डॉक्टरही कधीकधी घाईत तेच म्हणतात. १९६९ साली इंग्लंडमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. तुम्ही ते सहा महिने ओलांडलेत. तरीही जोडीदार गेलेल्या पुरुषाची छाती धडधडते तेव्हा मी मनाबरोबर ईसीजीही बघते.

तेव्हा या आठवड्यात उपाशीपोटी रक्त देऊन या. साखरेबरोबर क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ करा, लघवीतलं अल्ब्युमिन पाहा, ईसीजी काढा. डोळ्यांचा पडदा दोन वर्षांत तपासलेला नसेल तर तोही तपासून घ्या. बी१२ विसरू नका. तुम्ही शाकाहारी आहात आणि आठ वर्षं मेटफॉर्मिन घेताय. दोन्हींमुळे बी१२ कमी होतं. ते कमी झालं की पायाला मुंग्या येतात, थकवा येतो, शब्द आठवत नाहीत, मन उदास राहतं. त्यातलं निम्मं तुमच्या पत्रात आहे. एखाद्या इंजेक्शनच्या कोर्सने थोडं बरं वाटणार असेल तर ते कमी समजू नका. बायकोच्या जाण्याचं दुःख त्याने जाणार नाही. ते पेलायला अंगात ताकद मात्र राहील.

आता जेवण. बायको गेलेल्या पुरुषांचं पहिलं काय कोलमडत असेल तर रात्रीचं जेवण. स्वयंपाक येत नाही हे एक, आणि ताट वाढून घेऊन एकट्याने बसणं नको वाटतं हे त्याहून मोठं. मी यावर उपदेश करत नाही, रस्ता सांगते. पोळी-भाजी केंद्रातून दोन पोळ्या आणि भाजी आणा, मुगाचं वरण तेवढं घरी लावा, काकडी-टोमॅटो चिरा. जेवण आठच्या आत. टेबलावर बसवत नसेल तर खिडकीत बसून जेवा, पण जेवल्याशिवाय गोळी नाही. आणि जेवण झालं की पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चाला. जेवणानंतर लगेच चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात.

झोपेच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळखीच्या केमिस्टने एक पट्टी "अशीच" दिल्याचं लिहिलंय. ती परत करा. त्या गोळीची सवय काही आठवड्यांत लागते. मित्रांबरोबर संध्याकाळी एखादा पेग होत असेल तर तोही सध्या नको. रिकाम्या पोटी दारू आणि ग्लिमेपिराइड एकत्र झाली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

हसण्याच्या लाजेबद्दल. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) तुम्ही कुठेतरी वाचल्यात आणि आपण कितव्या पायरीवर आहोत ते शोधताय. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. माझ्या पाहण्यात तरी कुणी त्या पायऱ्या एकेक करून चढलेलं नाही. नेदरलँड्समधले संशोधक मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक श्यूट यांनी १९९९ मध्ये जे मांडलं ते मला जास्त खरं वाटतं. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकातलं माणूस दोन्हीकडे ये-जा करत राहतं. एक वेळ गेलेल्या माणसापाशी, एक वेळ चालू आयुष्यापाशी. सकाळी रडायचं आणि अकरा वाजता वीजबिल भरायचं. रात्री फोटो पाहत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी मित्राच्या विनोदावर हसायचं. दोन्ही बाजूंना जाणं-येणं चालू आहे याचा अर्थ मन आपलं काम करतंय. त्या रात्री तुम्ही हसलात ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट आहे.

आणखी एक तुटलंय, ज्याचा उल्लेख तुम्ही केला नाही. दोन वर्षं तुमचा दिवस तिच्या औषधांच्या वेळांनी बांधलेला होता. केमोच्या तारखा, पेज, डबा, रिपोर्टांची फाइल. जूनमध्ये ती गेली आणि त्याबरोबर तुमचं हे कामही गेलं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी कप धुवायला एकच उरतो. त्यात आपल्याकडे पहिलं वर्ष सण करत नाहीत, हळदीकुंकू नाही, कुणाच्या घरी लग्नाला जायचं तर दहांदा विचार. जुन्या रीतीत शोकाला वेळ दिलाय हे चांगलंच आहे. पण एकट्या माणसाला त्यातून बाहेर पडायला एकही निमित्त उरत नाही. सकाळी उठून कुठे जायचंय, कुणाला माझी गरज आहे, हे प्रश्न तुमच्या पत्रात ओळीओळींत आहेत. मुलीला तेच दिसतंय, म्हणून ती बासरी म्हणते. तिच्यावर रागावू नका. तिचीही आई गेली आहे, आणि बंगळुरूत बसून ती दुसरं काय करणार?

मन रमवण्यासाठी म्हणून नवा छंद लावला तर शोकाच्या पहिल्या वर्षात तो बहुतेक टिकत नाही, असं मी पाहिलंय. नवी कला शिकायला चुका सहन करण्याची ताकद लागते, ती सध्या दुसरीकडे खर्च होतेय. बासरी पुढच्या दिवाळीनंतर बघा, वाटलं तर.

आता बाग. इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय: ती बाग तुमचा छंद होती का? तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही नर्सरीतून मातीची पोती आणायचात, वरच्या टाकीचा पाइप जोडून द्यायचात आणि रविवारी तिच्याबरोबर गच्चीवर चहा प्यायचात. झाडांशी नातं तिचं होतं, तुमचं तिच्याशी. आता १४० कुंड्यांना पाणी घालताना दीड-दोन तास जातात, कंबर धरते आणि प्रत्येक वाळलेल्या झाडापाशी आपण तिला पुन्हा गमावलं असं वाटतं. हे रोज करून कुणाचंही मन रमणार नाही.

माझी आई क्रोशाचं टेबलक्लॉथ विणत असताना गेली, अर्ध्याहून थोडं जास्त झालेलं. मी ते पूर्ण करायचं ठरवलं, शिकायला गेले. दीड महिना झटले. टाके सैल यायचे, उसवायचे, आणि प्रत्येक वेळी मी आईला काहीतरी कमी दिल्यासारखं वाटायचं. शेवटी ते आहे तसंच धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं. वर्षातून एकदा उन्हात टाकते. तिचा हात जिथे थांबला ती कड मला पाठ आहे.

म्हणून बाग सगळी ठेवा असं मी म्हणणार नाही आणि सगळी देऊन टाका असंही नाही. एका सकाळी चहा घेऊन वर जा आणि ज्या झाडांशी तुमची स्वतःची काही आठवण आहे त्यांना सुतळी बांधा. पंधरा-वीस निघतील. तेवढी तुमची. उरलेल्यांसाठी तिच्या मैत्रिणींना बोलवा, प्रत्येकीने आपल्या हाताने एकेक-दोनदोन कुंड्या निवडून न्याव्यात. कुंडी नेताना त्या तिच्याबद्दल बोलतील, तुम्हाला माहीत नसलेलं काही सांगतील. ते ऐकायला तुम्ही तिथे असा. निरोपाचं हे काम माळ्याला पैसे देऊन उरकू नका.

वाळलेल्या चाळिसांबद्दल: ती बहुधा पावसात तगली आणि ऑक्टोबरच्या उन्हात गेली. त्या दिवसांत तुम्ही बँकेच्या, विम्याच्या, मृत्युपत्राच्या कागदांमागे होतात. कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्यासारखा आधार नसतो, चार दिवस पाणी चुकलं की संपतं. अपराध मानू नका. वाळलेली काढा, माती पसरून उन्हात तापवा, शेणखत मिसळून पुन्हा वापरा.

राखलेल्या झाडांचं आत्ताच करायचं एक काम आहे. फेब्रुवारी चालू आहे, मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर याच आठवड्यात करा. जुन्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी केल्या, वरची माती हलवून खत दिलं आणि भरपूर ऊन मिळालं की नवी फूट येते आणि फुलं नव्या फुटीवरच धरतात. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय म्हणालात, तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्यात कापड बुडवून पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल फवारा, आठवड्याने पुन्हा. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं घालून पाहा. ओल लागली तर नको. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओता, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो.

गुडघ्याबद्दल न बघता सांगता येईल तेवढंच सांगते. या वयात चढण्यापेक्षा उतरताना दुखत असेल तर कूर्चा झिजायला लागलेली असण्याची शक्यता मोठी. एक्स-रे काढा. पण एक्स-रे काहीही म्हणो, मांडीचा पुढचा स्नायू बळकट केला की बहुतेकांना फरक पडतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली. दोन्ही पायांना दहादहा वेळा, दिवसातून दोनदा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. काठी घ्या, आणि दुखऱ्या उजव्या गुडघ्यासाठी ती डाव्या हातात धरा. काठी म्हणजे म्हातारपण, असं लिहिलंत. हिमालयात चढणारेही दोन काठ्या घेऊन चालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गड सोडू नका. माझ्या मते तुमचा खरा छंद तोच आहे आणि तिच्या आजारपणात तुम्ही तो तिच्यासाठी बाजूला ठेवलात. गुडघा होता तसा होणार नाही, हेही एक गमावणंच आहे, आणि त्याचं वाईट वाटणं बायकोच्या दुःखापुढे क्षुल्लक समजू नका. हरिश्चंद्रगड, राजगड आता जमणार नाहीत कदाचित. पण सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते. मित्रांना पायवाटेने चढू द्या, तुम्ही वर भेटा, कल्याण दरवाजापर्यंत सावकाश फिरा आणि मग सगळे मिळून पिठलं-भाकरी खा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यातल्या पन्हाळ्यावर गाडीने जाता येतं, रायगडाला रोपवे आहे, सिंधुदुर्गाला मालवणहून होडी मिळते. तुमच्याकडे तीस वर्षांच्या वह्या आहेत, वाटांच्या, टाक्यांच्या, शिलालेखांच्या. तुमच्या ग्रुपमधल्या नव्या मुलांना त्या हव्या असतील. वरच्या प्रश्नाचं, म्हणजे कुणाला माझी गरज आहे याचं, एक उत्तर तिथे असू शकतं. आधी ईसीजी मात्र हवाच, आणि चालताना छातीत दाटलं, दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टर.

मनाच्या डॉक्टरांकडे जावं का, हा तुमचा आणखी एक प्रश्न. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेला शोक हा वेगळा आजार धरलाय. त्यात सहा महिन्यांनंतरही गेलेल्या माणसाची ओढ दिवसभर, तीव्र राहते आणि रोजचं जगणं अडतं. तुम्ही आठव्या महिन्यात आहात. बिलं भरताय, मित्रांकडे जाताय, झाडांची काळजी करताय. पत्रावरून तरी मला तसं दिसत नाही. पण जगण्यात अर्थ नाही असं वारंवार वाटलं, स्वतःचं काही बरंवाईट करण्याचे विचार आले, तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मुलीलाही तो देऊन ठेवा. तीही आईविना आहे. रविवारी तिच्याशी बोलाल तेव्हा बासरीचा विषय काढण्याआधी तिला आईची कोणती कुंडी हवी आहे ते विचारा.

मोगरा छाटताना बंद बूट आणि हातमोजे घाला. मधुमेहात पायाची जखम लवकर लक्षात येत नाही आणि लवकर भरतही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर रक्त द्यायला जाल तेव्हा घेऊन टाका. आणि रात्रीचा आकडा काय येतो ते मला नक्की कळवा.